विचारलं तर बिघडलं कुठं?

२०२५ च्या जूनमध्ये हासन जिल्ह्यातल्या बातम्या येऊ लागल्या आणि आमच्या फोनवर पुन्हा एकदा कोरोनाच्या लशीचा पाऊस सुरू झाला. महिना-सव्वा महिन्यात वीसहून जास्त माणसं हृदयविकारानं गेली, त्यांत काही अगदी तरुण. कुणाचंही काळीज हलावं अशीच बातमी. १ जुलैला खुद्द मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी लिहिलं की लशीला घाईनं दिलेली मंजुरी हेही एक कारण असू शकेल. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय आरोग्य खात्यानं खुलासा केला की असा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. पुढं जयदेव हृदयरोग संस्थेच्या संचालकांच्या समितीनंही लशीशी थेट नातं दिसत नाही असाच अहवाल दिला.

आता गंमत बघा. मुख्यमंत्र्यांचं वाक्य मला अकरा जणींनी पाठवलं. समितीचा अहवाल एकीनंही पाठवला नाही.

यावर आमच्याकडची शिकलेली मंडळी म्हणतात, "बायकांचं हे असंच. काय येईल ते पुढं ढकलायचं." माझा राग आहे तो या वाक्यावर. अफवा पसरवणाऱ्यांवरही आहे, त्यांच्याकडं नंतर येते. पण आधी हे वाक्य. कारण २०२१ साली याच बायकांनी प्रश्न विचारले होते, आणि उत्तराऐवजी त्यांना दटावून गप्प बसवलं गेलं होतं. ज्याला उत्तर मिळत नाही तो प्रश्न मरत नाही हो. तो फोनमध्ये जाऊन बसतो.

पाळीचंच घ्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस मिळणार असं जाहीर झालं आणि लगेच निरोप फिरला: पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घ्यायची नाही, अंगातली शक्ती कमी झालेली असते. २४ एप्रिलला सरकारनं ते खोटं असल्याचं सांगितलं. खोटंच होतं ते. पण त्या खोट्याच्या शेजारी एक खरा प्रश्न उभा होता, तो कुणी बघितलाच नाही. लस घेतल्यावर पाळी मागंपुढं होते का? जास्त जाते का? माझ्या नात्यातल्या एकीला दुसऱ्या डोसानंतर पाळी बारा दिवस उशिरा आली आणि आली ती इतकी की दोन दिवस उठवेना. डॉक्टरांकडं गेली तर ऐकायला काय मिळालं? "टेन्शन घेऊ नका, लशीचं काही नाही." कशावरून नाही? याचं उत्तर त्या डॉक्टरांकडंही नव्हतं, कारण तोवर ते कुणी शोधलंच नव्हतं. लशीच्या चाचण्यांमध्ये ताप आला का, दंड दुखला का, डोकं दुखलं का, हे रोज विचारून लिहून घेतात. पाळीचं मात्र कुणी विचारत नव्हतं. निम्मी लोकसंख्या ज्या गोष्टीचा महिन्याच्या महिना हिशेब ठेवते, तिच्यासाठी त्या कागदावर एक रकाना नव्हता.

आणि हिशेब म्हणजे काय, आपल्या जैन घरांत तर बघायलाच नको. बस्तीला जायचं की नाही, चौका लावायचा तर आहाराला उभं राहायचं की नाही, पर्वात कोण बाजूला बसणार, हे सगळं तारखेवर. माझ्या सासूबाईंच्या काळापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिंबं आहेत. आमच्या एवढी काटेकोर नोंद कुठल्या संशोधकाकडं नसेल! हा रिवाज बरा की वाईट तो वाद वेगळा, मी त्यावर पूर्वी लिहिलंय आणि बोलणीही खाल्लीत. पण ज्या बाईला चौदा दिवसांचा फरक लगेच कळतो, तिला "तुम्हाला वाटत असेल" म्हणणं याला अडाणीपणा म्हणायचं तर तो कुणाचा?

पुढं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं ऑगस्ट २०२१ मध्ये या अभ्यासासाठी पैसे दिले. जानेवारी २०२२ मध्ये जवळजवळ चार हजार बायकांच्या नोंदींचा निष्कर्ष छापून आला: फरक पडतो, पण सरासरी एका दिवसाहून कमी, आणि तो पुन्हा जागेवर येतो. त्याच वर्षी वीस हजारांच्या आसपास बायकांच्या नोंदींवरून हेच पुन्हा दिसलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेनं फायझर आणि मॉडर्नाच्या लशींच्या माहितीपत्रकात "जास्त रक्तस्राव" हा दुष्परिणाम लिहायला सांगितला, आणि त्याबरोबर मूल होण्यावर परिणाम होत असल्याचा पुरावा नाही, हेही सांगितलं. म्हणजे विचारणाऱ्या बायका बरोबर होत्या आणि घाबरवणारे चूक होते. दोन्ही एकाच वेळी. सरासरी एक दिवस म्हणजे कुणाला काहीच नाही, कुणाला दहा-बारा दिवस, हे घरात भाजी-भाकरी वाटणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. एवढी साधी गोष्ट वेळेवर सांगितली असती तर "लशीनं वांझ होतात" हा निरोप आमच्या गल्लीत टिकला नसता.

या लशी आपल्या नव्हत्या, आपल्याकडं कोविशील्ड आणि कोवॅक्सिन, हेही खरं. मग आपल्या लशीचं काय? मे २०२४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या काही संशोधकांचा कोवॅक्सिनवरचा अभ्यास गाजला. त्यात ४.६ टक्के बायकांना पाळीच्या तक्रारी झाल्याचं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं लगेच आक्षेप घेतला: लस न घेतलेल्यांशी तुलना नाही, वर्षभरानं फोन करून विचारलेलं. पुढं त्या नियतकालिकानं तो लेख मागं घेतला. आक्षेप रास्त होता, मला मान्य आहे. शंभर बायकांत चार-पाच जणींची पाळी लस न घेताही बिघडतेच, तुलना हवीच. पण मग ज्यांना बरोबर पद्धत माहीत आहे, ज्यांच्याकडं पैसा आहे, माणसं आहेत, त्यांनी तो अभ्यास करून दाखवावा की! दुसऱ्याचा चुकला म्हणून पत्र लिहायला आठवडा लागला नाही.

रक्ताच्या गाठींचं प्रकरण याहून गंभीर. मार्च २०२१ मध्ये युरोपातल्या कित्येक देशांनी ॲस्ट्राझेनेकाची लस काही दिवस थांबवली. ७ एप्रिलला तिथल्या नियामक संस्थेनं सांगितलं की रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होऊन गाठी होणं हा या लशीचा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम समजावा. बहुतेक नोंदी साठीच्या आतल्या बायकांच्या होत्या आणि लस घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आतल्या होत्या. (तिकडं सुरुवातीला लस घेणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या म्हणून तसं दिसलं असेल, असंही म्हटलं गेलं.) डेन्मार्कनं ती लस बंदच केली, ब्रिटननं मे महिन्यात चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यावी असं ठरवलं. हीच लस पुण्यात कोविशील्ड नावानं तयार होत होती आणि आपल्या दंडात जात होती.

आपल्या आरोग्य खात्यानं १७ मे २०२१ ला पत्रक काढलं. राष्ट्रीय समितीनं ४९८ गंभीर घटना तपासल्या, त्यांत २६ गाठींच्या असू शकतात, म्हणजे दहा लाख डोसांमागं ०.६१. त्याच पत्रकात ब्रिटनचा आकडा ४ आणि जर्मनीचा १० दिला होता, आणि आपल्याकडच्या लोकांना धोका मुळातच कमी असं कारणही दिलं होतं. असेल कमी. पण मला एक शंका येते. जर्मनीतली बाई डोकं दुखलं की डॉक्टरला फोन करते. आमच्याकडची डोक्याला बाम लावून भाकऱ्या थापायला बसते. लस घेऊन दहाव्या दिवशी एखादी कपाळ धरून पडली आणि गेली, तर तिच्या मरणाची नोंद कुठल्या वहीत झाली असेल? मे २०२१ मध्ये तर मरणाची मोजदाद करायला कुणाला सवड नव्हती. आकडा लहान आहे म्हणून धोका लहान, की मोजणारा नाही म्हणून आकडा लहान, हे त्या पत्रकातून कळत नाही. माझ्या मते थोडं थोडं दोन्ही.

तरीही ऐका. चौपट काय, चाळीसपट धरला आकडा, तरी त्या एप्रिल-मे महिन्यात लस घेणं शहाणपणाचंच होतं. दिवसाला चार लाख रुग्ण सापडत होते. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी माणसं बेळगावहून हुबळीला, कोल्हापूरला धावत होती, आणि कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा कागद नाही म्हणून अडकत होती. प्रत्येक बस्तीच्या फलकावर श्रद्धांजलीच्या ओळी वाढत होत्या. घराला आग लागल्यावर विहिरीचं पाणी गाळून ओतत बसत नाहीत. मी लस घेतली, घरातल्या सगळ्यांना घ्यायला लावली, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घेईन.

माझं भांडण लस देण्याशी नाही, न सांगता देण्याशी आहे. त्या १७ मेच्या पत्रकात फार मोलाची गोष्ट होती. कोविशील्ड घेतल्यापासून वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, हात किंवा पाय सुजला, दुखला, पोट सतत दुखू लागलं, कधी नव्हे असं डोकं दुखू लागलं, टोचलेल्या जागेपलीकडं कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, तर लगेच दवाखान्यात जावं. मला सांगा मैत्रिणींनो, ही यादी तुमच्यापैकी कितीजणींना केंद्रावर कुणी वाचून दाखवली? मला नाही. अर्धा तास खुर्चीवर बसवलं, तापाची गोळी दिली, फोटो काढायला फलक दाखवला. केंद्राच्या दारावर सूचना लावलेल्या होत्या, त्या कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. माझी धाकटी मावशी कन्नड फर्डं बोलते, बाजारात कुणाला हार जात नाही, पण तिला ते वाचता येत नाही. सीमाभागातल्या कितीतरी बायकांचं हेच आहे. फलकावरच्या भाषेसाठी आपले पुरुष सत्तर वर्षं मोर्चे काढत आलेत, पण दवाखान्यातल्या कागदावरच्या भाषेसाठी एखादा मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही.

मग एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली की कंपनीनं लंडनच्या न्यायालयात कागदावर मान्य केलं, अतिशय क्वचित असं होऊ शकतं. आपल्याकडं भूकंप! "बघा, शेवटी कबूल केलं!" अहो, तीन वर्षांपूर्वीच्या सरकारी पत्रकात ते होतं. पण जे आपल्याला त्या वेळी सांगितलं नाही ते आता न्यायालयातून कळलं, म्हणून ते लपवलेलं वाटलं. आणि वाटणारच. मेमध्ये कंपनीनं युरोपातून लस मागं घेतली, कारण दिलं धंद्याचं, मागणी उरली नाही म्हणून. त्याचंही भाषांतर आमच्याकडं "पळून गेले" असं झालं.

आता आपल्या घरचं प्रकरण. जून २०२१ मध्ये कोवॅक्सिनमध्ये वासराचं रक्त आहे असा गवगवा झाला. आमच्या महिला मंडळात तर रडारड झाली. दोन वयस्क श्राविकांनी प्रायश्चित्त काय घ्यावं म्हणून माताजींना विचारलं. सरकारनं खुलासा केला: विषाणू वाढवायला ज्या पेशी लागतात त्या पेशी वाढवताना नवजात वासराच्या रक्तातला द्रव वापरतात, नंतर पेशी धुऊन घेतात, विषाणू मारतात, शुद्ध करतात, शेवटच्या लशीत तो द्रव अजिबात राहत नाही. पोलिओच्या, कुत्रं चावल्यावरच्या लशीतही वर्षानुवर्षं हीच रीत आहे. खुलासा खरा. पण तो दुसऱ्याच प्रश्नाचा खुलासा होता. लशीत वासराचं काही उरतं का, हा सोवळ्याचा प्रश्न झाला. जैन बाईचा प्रश्न असतो, लशीसाठी वासराला काही झालं का? आपल्याकडं हिंसा ताटात काय आलं एवढ्यावर संपत नाही. केलं, करवलं आणि संमती दिली, तिन्ही मोजतात. "शेवटच्या बाटलीत नाही" हे ऐकून तिचं समाधान कसं होणार? आणि उत्तर देणाऱ्याला हा फरक माहीतच नव्हता.

बरं, मग आपल्या समाजातल्या जाणत्यांनी तरी तो सांगावा! तेही नाही. एका बाजूला "काही नसतं त्यात, घ्या गप्प," दुसऱ्या बाजूला "पाप आहे, घेऊ नका." गृहस्थाची आरंभी आणि विरोधी हिंसा वेगळी, ठरवून केलेली संकल्पी हिंसा वेगळी, हे आपण लहानपणापासून पाठशाळेत पाठ करतो. जीव वाचवायला घेतलेल्या औषधामागची हिंसा कुठल्या रकान्यात जाते, यावर शांतपणे तासभर बोलायला कुणीच नव्हतं. मला विचाराल तर ती संकल्पी नव्हे, पण शून्यही नव्हे. ती मान्य करून घ्यावी, आणि प्राण्यांशिवाय तयार होणाऱ्या पर्यायांची मागणी लावून धरावी. ज्यांना पटणार नाही त्यांनी घेऊ नये, तो त्यांचा अधिकार आहे. पण वासराच्या नावानं गळा काढणारी माझी एक परिचित पुढच्याच डिसेंबरात भाच्याच्या लग्नात तीन दिवसांत तीन कांजीवरम नेसली. एका साडीला हजारो कोश उकळत्या पाण्यात जातात. तिथं प्रायश्चित्त नाही?

आणि टिळकवाडीत आपण सकाळी जिथं फिरायला जातो, त्या जागेला व्हॅक्सिन डेपो का म्हणतात, कधी विचार केलाय? ब्रिटिश काळी तिथं देवीची लस तयार व्हायची, आणि ती लस वासरांच्या कातडीवरच वाढवायचे. आपल्या आज्या-पणज्यांनी ती टोचून घेतली, "देवी काढून" घेतल्या. ते वण माझ्या आईच्या दंडावर अखेरपर्यंत होते. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण झाला नाही. त्या आज्या रात्री पाणीही पीत नव्हत्या. त्यांना आपल्याहून कमी धर्म कळत होता असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

आता अफवावाल्यांकडं येते. आपल्यात एक फार सोयीचा युक्तिवाद निघालाय. काही म्हटलं की, "प्रत्येकाची एक बाजू असते, आपण अनेकांतवादी ना?" हा अनेकांताचा अपमान आहे. वस्तूला अनेक धर्म असतात असं शास्त्र सांगतं, वस्तूबद्दल वाटेल ते बोललं तरी खरं असतं असं सांगत नाही. उलट सम्यक् ज्ञानाचे तीन दोष आपल्याच ग्रंथांनी सांगितलेत. संशय म्हणजे हे की ते, ठरत नाही. विपर्यय म्हणजे शिंपल्याला चांदी समजणं. आणि अनध्यवसाय म्हणजे चालताना पायाला काहीतरी लागलं, काय लागलं कोण बघतंय, पुढं चला. आमच्या ग्रुपवरच्या निरोपांत विपर्यय थोडाच असतो. बहुतेक सगळा हा तिसरा दोष. "काहीतरी आहे बाई त्या लशीत." काय आहे? "ते माहीत नाही, पण आहे." संशय परवडला. संशय घेणारी निदान विचारते तरी.

तरुण माणसं अचानक मरतात, हेच बघा. संशोधन परिषदेनं देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, धडधाकट असताना अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती काढली, आणि त्याच वयाच्या, त्याच भागातल्या २,९१६ जिवंत माणसांशी ताडून पाहिली. लस घेतल्यानं धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. वाढलेला कुणात दिसला? ज्यांना कोरोनानं रुग्णालयात ठेवावं लागलं होतं, ज्यांच्या घरात असं मरण आधी झालं होतं, ज्यांनी मरणाआधीच्या दोन दिवसांत अति दारू प्याली होती, किंवा झेपणार नाही इतके कष्ट, व्यायाम केला होता. इथं बघा, तुलना आहे. बनारसच्या अभ्यासात जी नव्हती ती. म्हणून मी हा मानते आणि तो मानत नाही. सरकारी आहे म्हणून नव्हे.

आणि निपाणी-चिकोडीकडच्या आपल्या लोकांनी तरी हृदयविकाराचं खापर लशीवर फोडावं? ज्या भागात तंबाखूवर घरं उठली, माड्या चढल्या, जिथं पुरुषांच्या खिशात चंची आणि बायकांच्या कनवटीला मशेरीची डबी, तिथं छातीत कळ आली की आठवण व्हावी ती चार वर्षांपूर्वीच्या सुईची! तंबाखूविरुद्ध एक निरोप पाठवून बघा ग्रुपवर. कोण कोण रागावतं ते कळेल. आपल्याच घरातली तिजोरी आहे ती.

पण सरकारलाही एवढ्यावर सोडता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकात हुकूम निघाला: मॉलमध्ये, सिनेमाला जायचं तर दोन डोस हवेत, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांचेही दोन डोस हवेत. म्हणजे मुलीची शाळा हवी तर आईनं दंड पुढं करायचा. महाराष्ट्रात लोकलचा पास त्यावर ठरला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही, शरीरावरचा अधिकार ज्याचा त्याचा. आणि दुष्परिणामांच्या नोंदी सामान्य माणसाला करता याव्यात, लोकांना बघता याव्यात. त्याच न्यायालयात, नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं प्रतिज्ञापत्र दिलं. लशीनंतर मुली गमावलेले दोन मुलींचे आईवडील तिथं उभे होते. केंद्र म्हणालं, लस ऐच्छिक होती, कायद्यानं सक्ती नव्हती, भरपाई हवी तर दिवाणी दावा लावा.

ऐच्छिक! हा शब्द मी दोनदा वाचला. शाळेच्या फाटकावर सर्टिफिकेट दाखवणाऱ्या आईला तो कुणी वाचून दाखवायला हवा होता. ब्रिटनमध्ये १९७९ पासून कायदा आहे. लशीनं कायमचं अधूपण किंवा मरण आलं असं ठरलं तर एकरकमी १ लाख २० हजार पौंड, कुणाची चूक होती ते सिद्ध न करता. तिथंही लोक रक्कम कमी आणि अटी जाचक म्हणून भांडतायत, पण भांडायला खिडकी तरी आहे. आपल्याकडं २२० कोटी डोस दिल्याचा उत्सव झाला आणि त्यातल्या मूठभर दुर्दैवी घरांसाठी, आज २०२५ च्या चातुर्मासात हे लिहितेय तोवर, तसं धोरण नाही. सगळ्यांच्या भल्यासाठी सुई टोचली ना? मग लाखांत एखादीच्या वाट्याला येणारं दुःखही सगळ्यांनी वाटून घ्यायला नको? हे मी लशीच्या विरोधात बोलत नाही. लशीवर विश्वास बसायला हवा असेल तर हे करावंच लागेल, म्हणून बोलते.

एवढं सगळं आता, साथ ओसरल्यावर, कशाला उकरायचं? सांगते. श्रावणातल्या स्वाध्यायानंतर आमच्या मंडळात मुलींच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा विषय निघाला. नऊ ते चौदा वयात ती द्यावी म्हणतात, पुण्यात तयार झालेली देशी लसही २०२३ पासून मिळते. देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा रोग होतो, सत्तर हजारांहून जास्त मरतात. आपल्या समाजातही गेल्यात, फक्त "पोटाचं होतं" असं सांगतात. मी बोलायला लागले, तोवर मागून आवाज आला, "अक्का, त्या कोरोनाच्या लशीनं काय केलं बघितलं नव्हं? पोरींना आता टोचायचं?" आणि सगळ्या माना हलल्या. बारा-तेरा मुलींचा विषय एका वाक्यात मिटला. फोनमधल्या त्या अकरा निरोपांची किंमत ही अशी मोजायची असते.

त्या आवाजाला मी अडाणी म्हणाले नाही. कारण या लशीचाही आपल्या देशात इतिहास आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना, बऱ्याचशा आदिवासी, एका अभ्यासाखाली ती टोचली होती. सात मुली पुढं दगावल्या. चौकशीत त्या मरणांचा लशीशी संबंध दिसला नाही, कुणाला साप चावला होता, कुणी बुडाली होती. पण संमतीचे कागद बघितले तर कितीतरी मुलींच्या आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या प्रमुखांनी सह्या केलेल्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष, देण्याची रीत सदोष. त्यामुळं चांगली लस दहा-बारा वर्षं बदनाम राहिली, आणि त्या वर्षांत वयात आलेल्या मुलींना ती मिळाली नाही. आज त्या पंचवीस-तिशीच्या असतील.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात आम्ही एक केलं. फोन बाजूला ठेवून प्रत्येकीनं मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही. एकोणीस चिठ्ठ्या जमल्या. पोरीला मूल होईल ना? पाळी सुरू व्हायच्या आधी द्यायची की नंतर? चक्कर येऊन पडतात म्हणे, खरं काय? यात कुठल्या प्राण्याचं काही आहे का? काही झालं तर कुणाकडं जायचं आणि ते मराठीत लिहून देतील का? एकीनं नुसतं लिहिलंय, "नवरा नको म्हणतो, मी देऊ शकते का?" तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंना चिठ्ठ्या आधीच पोचवल्यात. सगळ्यांची उत्तरं द्यायची, आणि माहीत नसेल तिथं माहीत नाही म्हणायचं, या अटीवर त्या दशलक्षण पर्व झाल्यावर यायला तयार झाल्यात. मागच्या बाकावरच्या त्या आवाजाला मी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय.